मागे घेतलेला प्रश्न

१

रमजानचा पहिला दिवस आणि मी सिगारेट ओढणारा माणूस. म्हणजे सकाळी दहाला माझ्या टेबलाशी कोणी फिरकू नये, हे संसदेच्या तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. मंत्रीसुद्धा माणूस पाठवतात, स्वतः येत नाहीत.

इद्दर उबासू मात्र आला. नुसता आला नाही, माझ्या कागदांवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"सी रहाल, माझा प्रश्न कुठाय?"

इद्दर म्हणजे शेवटच्या बाकावरचा खासदार. दूर डोंगरातल्या तामदा खोऱ्यातून निवडून आलेला, पूर्वीचा शाळामास्तर. सत्ताधारी गटात असूनही त्याला सभागृहात वर्षातून दोन मिनिटं बोलायला मिळत नाहीत. म्हणून तो लिहितो. शाळेचं छत, वाहून गेलेला पूल, डॉक्टर नसलेला दवाखाना, वर्षाला सत्तर तरी लेखी प्रश्न. बाकीचे त्याला पोस्टमन म्हणतात. आणि मी रहाल, लेखी प्रश्न विभागाचा प्रमुख; 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत'. एकतीस वर्षं एकच धंदा: प्रश्न घ्यायचा, क्रमांक द्यायचा, मंत्र्याकडे धाडायचा आणि वीस दिवसांत उत्तर आलं नाही की कपाळाला हात लावायचा.

"कुठला प्रश्न?" मी विचारलं.

"एक्केचाळीसशे सत्तावीस. पाण्याचा."

मी वही उघडली. क्रमांकापुढे लाल शाईत दोन शब्द होते: मागे घेतला.

"तुम्हीच मागे घेतलाय. काल. मग माझ्या डोक्यावर का बसताय?"

"काल मी खोऱ्यात होतो. इथून सात तासांवर. रात्रीची बस पकडून आलोय. मी काहीही मागे घेतलेलं नाही."

मी फाइल काढून कागद त्याच्यासमोर ठेवला. टाइप केलेल्या तीन ओळी होत्या. 'माझ्या प्रश्नाला आधार म्हणून जोडलेले पाणी-तपासणीचे कागद बनावट असल्याचे माझ्या लक्षात आले आहे. सबब मी प्रश्न मागे घेत आहे.' खाली सही, आणि कोपऱ्यात आमच्या आवक यंत्राचा निळा छाप: सोमवार, दहा वाजून वीस मिनिटं, आवक क्रमांक ६११.

इद्दरने तो दोनदा वाचला. त्याचा चेहरा पार उतरला.

"सही खोटी आहे, एवढं लिहून द्या," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता संसदेच्या सरचिटणीसांकडे नेतो."

तो हळूच खुर्चीत बसला.

"तेच तर सांगता येत नाही, सी रहाल. सही माझीच आहे."

२

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी त्याला दोन शब्द सुनावले, रोजा असूनही.

लांबचे खासदार हे करतात, मला माहीत आहे. सात तास प्रवास करून एका कागदासाठी कोण येणार? मग कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून ठेवायच्या. प्रश्न फोनवर सांगायचा, इथे कोणीतरी वर टाइप करून आमच्याकडे द्यायचा. इद्दरने सहा कागद ठेवले होते. तीन त्याची मदतनीस शामाकडे, आधीचे संपले म्हणून गेल्या खेपेला नव्याने दिलेले, आणि तीन गटाच्या कार्यालयाचे चिटणीस सी तहामी यांच्याकडे, अडीअडचणीला म्हणून.

"पोरांना शाळेत काय शिकवलंत हो तुम्ही? कोऱ्या कागदावर सही?"

"रागवा. पण आधी इत्तोचं बघा."

इत्तो ही खोऱ्यातल्या दवाखान्याची तपासनीस. वरच्या खाणीचं सांडपाण्याचं तळं फुटल्यापासून विहिरींचं पाणी कडू लागत होतं, लहान मुलांच्या तळहातांची सालं निघत होती. तिने अकरा वेळा पाणी तपासलं, अकरा वेळा वर कळवलं. वरून चकार शब्द आला नाही. शेवटी तिने त्या कागदांच्या नकला इद्दरला दिल्या, आणि इद्दरने आरोग्यमंत्र्यांना विचारलं: हे अकरा अहवाल मिळाले का, आणि मिळाले असतील तर काय केलंत?

"काल चार वाजता तिला नोटीस आली," इद्दर म्हणाला. "खासदारानेच कागद बनावट असल्याचं कळवलंय, गुरुवारी सकाळी शिस्तभंग समितीपुढे हजर राहा. नोकरी तर जाईलच. बनावट कागदाचा खटला भरला तर तुरुंग. तिचा नवरा नाही, दोन मुलं आहेत. मी तिला शब्द दिला होता, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही म्हणून."

ज्या खात्याकडून उत्तर यायला वर्ष लागतं, तिथून नोटीस एका दुपारीत निघाली होती. म्हणजे कोणीतरी त्या पत्राची वाटच पाहत बसलं होतं.

मी महजूबाला हाक मारली. विभागात आम्ही दोघंच, आणि तिसरा आमचा म्हातारा शिपाई बा अल्लाल.

"हे पत्र कोणी आणलं?"

"मला काय माहीत? अकरा वाजता ट्रेमधले कागद वहीत चढवले, त्यात होतं," महजूबा म्हणाली. "सही आहे, छाप आहे, अजून काय बघायचं? आणि काल शाबानाची न्याहारी होती ना. नऊपासून अख्खा मजला तळघरात. रोजे लागायच्या आधीचं शेवटचं खाणं, कोण सोडतंय?"

"मी सोडलं."

"तुम्ही शबाकियाच्या रांगेत होतात. साडेदहाला आलात, मधाने माखलेले."

हे खरं होतं. बायकोने तीन किलोची मिठाई सांगितली होती आणि दुकानापुढे अर्धं शहर उभं होतं. त्यात रविवारी पहाटे, दर रमजानला जातात तशी, देशातली घड्याळं तासभर मागे गेलेली, आणि लोकांच्या पोटाला जुनीच वेळ. पण हे तिने इद्दरसमोर बोलायची गरज नव्हती.

"दहा वीसला इथे कोण होतं, ते सांग."

महजूबा घुटमळली. "शामा होती. सव्वादहाच्या सुमारास कागदांचा गठ्ठा घेऊन आली. मी तिला म्हटलं, तूच छाप मार, मी चहा घेऊन येते. पाच-सात मिनिटं ती एकटीच होती."

इद्दर खिडकीबाहेर बघत राहिला. शामा त्याची विद्यार्थिनी होती. खोऱ्यातून शिकून बाहेर पडलेली पहिली मुलगी.

३

शामाला बोलावण्याआधी मी सी तहामींना भेटलो. खरं तर तेच मला भेटले, जिन्यात. हातात खजुराचे डबे होते आणि चेहरा खुललेला, रोज्याच्या पहिल्या दिवशी असा चेहरा मी तरी पाहिलेला नाही.

"घ्या, सी रहाल, घरी न्या. रोजा याच खजुराने सोडा. मुलीची बदली झाली. सात वर्षं वाळवंटाच्या टोकाला डॉक्टर म्हणून पडली होती, काल दुपारी हुकूम आला. राजधानीत येतेय."

मी अभिनंदन केलं. मनापासून केलं, कारण त्या बदलीसाठी हा माणूस किती दारं झिजवत होता ते मी पाहिलं होतं. मग त्या पत्राबद्दल विचारलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "इद्दरचे कागद माझ्याकडेही होते, पण ते केव्हाच संपले. आणि काल दहाच्या ठोक्याला मी समितीच्या बैठकीत बसलो तो बारालाच उठलो. इतिवृत्तात नाव आहे. तुम्ही त्या पोरीकडे बघा. गरजू पोरगी, कोणीतरी काहीतरी कबूल केलं असेल."

मी इतिवृत्त मागवून पाहिलं. दहा ते बारा, तहामी हजर, मध्ये दोनदा बोललेलेही.

शामा केनित्राहून रोज रेल्वेने येते. ती माझ्या आणि इद्दरच्या समोर बसली ती हाताची घडी घालून.

"म्हणजे तुम्ही ठरवलंयच," ती म्हणाली.

"मी काही ठरवलेलं नाही. तू आलीस किती वाजता?"

"गाडी वीस मिनिटं उशिरा होती. स्टेशनवर नऊ चाळीसला उतरले, तिकीट आहे. इथे येऊन तो गठ्ठा दिला." तिने पोचपावतीची प्रत पुढे केली. निळा छाप: सोमवार, दहा पंधरा, आवक क्रमांक ६१३. "तुमच्याच यंत्राचा छाप आहे. बघून घ्या."

"दहा पंधराला तू यंत्राशी होतीस. पत्रावर दहा वीस आहे."

"हो ना. मग मीच मारला असेल." तिने पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत तीन कोरे कागद होते, तिन्हींच्या तळाशी इद्दरची सही. "हे माझ्याकडचे तीन. मोजा. आणि मास्तरांना विचारा, त्यांनी तीनच दिले होते की चार. त्यांनी चार म्हटलं तर मी उद्यापासून येत नाही."

"तीनच," इद्दर म्हणाला. "शामा, मी तुझ्यावर..."

"तुम्ही काही बोलला नाहीत, मास्तर. तेच लागलं."

सरचिटणीसांनी मला बुधवारी तीन वाजेपर्यंत मुदत दिली. सही खरी, छाप खरा. तोवर लेखी पुरावा नाही दिला तर प्रश्न मागे घेतलेलाच राहणार होता, आणि गुरुवारी इत्तोला त्या पत्रावरूनच उभं करणार होते.

४

बुधवारी सकाळी मी दार लावून बसलो. दोन कागद समोर ठेवले. इद्दरचं पत्र आणि शामाची पोचपावती. सिगारेट नव्हती, चहा नव्हता, म्हणून मी पेन्सिल चावत होतो.

दहा वीस. दहा पंधरा. पाच मिनिटांचं अंतर. पोरगी अडकतेय, सरळ आहे.

मग माझं लक्ष आकड्यांकडे गेलं. वेळेच्या नव्हे, क्रमांकांच्या. आमचं यंत्र जुनं आहे. कागद सरकवला, दांडा दाबला की वेळ आणि क्रमांक उमटतो, आणि क्रमांक आपोआप एकने पुढे जातो. मागे नेता येत नाही. मी एकदा बिघाड झाला म्हणून नेऊ पाहिला होता, शेवटी कारागीर बोलवावा लागला.

पत्राचा क्रमांक ६११. शामाचा ६१३. म्हणजे पत्रावर छाप आधी पडला, शामाच्या कागदावर नंतर. मग पत्रावरची वेळ नंतरची कशी?

मी ट्रेच्या फाइलीतून ६१२ शोधून काढला. वाहतूक खात्याचा निरोप होता. त्यावर नऊ पंचावन्न.

दहा वीस, नऊ पंचावन्न, दहा पंधरा. मी आधी महजूबाला मनात शिव्या घातल्या. मग लख्ख कळलं. ६११ आणि ६१२ यांच्यामध्ये कोणीतरी यंत्राची वेळ मागे नेली होती.

तासभर मागे.

फोन आपले आपण बदलतात. भिंतीवरची घड्याळं आणि यंत्र हाताने बदलावी लागतात. दर वर्षी त्या सोमवारी सकाळी साडेआठला, इतर कोणी यायच्या आत, यंत्राची वेळ मी लावतो. तशी आज्ञाच आहे, माझ्या नावाची. किल्ली माझ्या जुडग्यात आहे. आणि या सोमवारी मी शबाकियाच्या रांगेत होतो. साडेदहाला आलो तेव्हा यंत्र बरोबर चाललं होतं, म्हणून मला आठवणही झाली नाही.

"बा अल्लाल," मी हाक मारली.

म्हातारा आला आणि माझ्या हातातले कागद बघूनच त्याने मान खाली घातली.

"दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

"न्याहारीचे पेले घेऊन वर आलो, सी रहाल. पावणेदहा झाले असतील. बघतो तर यंत्र पावणेअकरा दाखवतंय. म्हटलं, साहेब विसरले. कोणी बघितलं तर वरपर्यंत जाईल. आठ महिने राहिलेत तुमचे पेन्शनला. गुपचूप फिरवलं मागे."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्याच्यावर ओरडणार होतो, पण थांबलो. सतरा वर्षांत या माणसाला मी एकदा तरी धड 'बस' म्हटलं होतं का, आठवेना. मी त्याला खुर्ची दिली.

मग महजूबाला बोलावलं. "न्याहारीला सगळे नऊला आले होते?"

"सगळे. तुम्ही सोडून." मग तिला आठवलं. "सी तहामी जरा उशिरा आले. साडेनऊला. मसेमनच्या पोळ्या संपत आल्या होत्या, मी त्यांच्यासाठी एक राखून ठेवली."

५

गटाच्या कार्यालयात मी, इद्दर आणि शामा गेलो. तहामी उठून उभे राहिले.

"बसा, बसा. झाला का उलगडा?"

"थोडा राहिलाय," मी म्हणालो. "तुम्ही दहा वीसला समितीत होतात."

"हो. सांगितलं ना."

"पण पत्रावर छाप पडला तेव्हा दहा वीस झालेच नव्हते. नऊ वीस झाले होते. यंत्र जुन्या वेळेवर होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडे. मी तिन्ही कागद क्रमाने मांडले आणि समजावलं. नऊ वीसला शामा गाडीत होती. आमचा मजला रिकामा होता, कारण सगळे तळघरात होते. तळघरात नव्हते ते दोघंच, एक मी आणि दुसरे तुम्ही.

"तेव्हा छापाची वेळ बघून तुम्हीही दचकला असाल," मी म्हणालो. "मग लक्षात आलं असेल की चूक आपल्याच सोयीची आहे. दहा वीसला तुम्ही समितीत असणार होतात, आणि शामा रोज त्याच सुमारास येते."

"हे सगळं तर्काने," तहामी म्हणाले. "तुमच्या यंत्राच्या घोळाचं खापर माझ्यावर का?"

"मग इद्दरचे तीन कागद दाखवा."

"सांगितलं ना, संपले. प्रश्नांना वापरले."

"कुठल्या प्रश्नांना?" इद्दरने विचारलं. "यंदाचा एकूण एक प्रश्न शामाने टाइप केलाय. तुमच्याकडून एकही गेलेला नाही. सी रहालच्या वहीत बघा."

मी वही सोबत आणली होती. ती उघडायची वेळच आली नाही. तहामींनी खण ओढला, चाचपडत दोन कागद काढले आणि टेबलावर ठेवले. तळाशी इद्दरची सही. दोनच.

मी इद्दरचं पत्र त्यांच्या शेजारी सरकवलं. तिसरा कागद.

"नात सहा वर्षांची झाली," ते म्हणाले. "मी तिला चार वेळा पाहिलंय. खात्यातला माणूस म्हणाला, एवढा एक प्रश्न मागे गेला तर बदलीचा कागद त्याच दिवशी निघेल. मजकूर त्यानेच सांगितला. आणि इद्दर, खरं सांग, वर्षाला सत्तर प्रश्न विचारतोस. किती उत्तरं आली तुला? मला वाटलं, एक कमी झाला तर कुणाचं काय जातंय."

"इत्तोचं जातंय," शामा म्हणाली.

त्यांनी लिहून दिलं. मी खजुराचा डबा त्यांच्या टेबलावर परत ठेवला. रागाने नाही. घरात कोणाच्या घशाखाली तो उतरला नसता.

६

त्यांच्या कबुलीने अर्धंच काम झालं. सरचिटणीसांना छापाचा खुलासा हवा होता, आणि तो माझ्याशिवाय कोणी देऊ शकत नव्हतं. बा अल्लाल दारात उभा राहून म्हणाला, "यंत्र बिघडलं होतं असं लिहा. माझं नाव घाला हवं तर."

मी लिहिलं: 'यंत्राची वेळ लावण्याची जबाबदारी माझी. सोमवारी मी दोन तास उशिरा आलो आणि ती लावली नाही.' शबाकियाचा उल्लेख मी केला नाही, तेवढी लाज मी स्वतःला ठेवली. तीनला सात मिनिटं असताना कागद सरचिटणीसांच्या हातात दिला. साडेतीनला लाल शाईवर काट मारून मी वहीत लिहिलं: ४१२७, कायम.

गुरुवारी इत्तो समितीपुढे वहीच्या त्या नोंदीचा उतारा घेऊन उभी राहिली. कागद बनावट म्हणणारा खासदारच उरला नव्हता. समितीने ठरवलं, विषय संसदेपुढे आहे, मंत्र्यांचं उत्तर येईपर्यंत निर्णय राखून ठेवावा.

मला लेखी ठपका चार दिवसांत आला. एवढ्या झटपट आमच्याकडे कशाचंच उत्तर येत नाही. पेन्शन वाचलं, शेवटची वेतनवाढ गेली. बायको म्हणाली, "महागात पडली की हो शबाकिया." संध्याकाळी रोजा सोडताना हरीऱ्याचं सूप मात्र दोनदा वाढलं.

वीस दिवस गेले. मंत्र्यांचं उत्तर आलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला उत्तर न आल्याचं बरं वाटलं. उत्तर नाही तोवर इत्तोची नोकरी आहे. आलं, आणि कागदांची चौकशी करू असं त्यात असलं, तर समिती पुन्हा बसणार. मी वहीतलं ते पान उघडायचंच बंद केलं.

एकविसाव्या दिवशी विभागातला फोन वाजला. बाईचा आवाज, मागे कोंबड्यांचा कालवा.

"सी रहाल ना? मी इत्तो, तामदातून. तुम्हीच ते लिहून दिलंत म्हणे, स्वतःविरुद्ध."

"ते जाऊ दे. तू बरी आहेस ना? कामावर आहेस?"

"कामावर आहे. पाणी तसंच आहे." मग तिने विचारलं, "मंत्र्यांना स्मरणपत्र कधी पाठवता?"

"पोरी, तुला कळतंय का? उत्तर आलं तर तुझी समिती पुन्हा..."

"कळतंय. पण मी नोकरी वाचावी म्हणून कागद दिले नव्हते, सी रहाल. काल बाराव्यांदा तपासलं. तुम्ही पाठवा."

इद्दर दुसऱ्या दिवशी दुपारी आला, सात तासांचा प्रवास करून, घामेजलेला. कोरा कागद आणला होता, खरोखरच कोरा. माझ्या टेबलाच्या कडेला बसून, मास्तरांच्या गोल अक्षरात त्याने स्मरणपत्र हाताने लिहिलं. चार ओळींना अर्धा तास लावला. शेवटी सही केली आणि कागद माझ्याकडे दिला.

मी यंत्राशी गेलो. आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग बा अल्लालच्या मनगटावरचं, मग यंत्रातलं. तिन्ही एक वाजून चाळीस दाखवत होती. मी दांडा दाबला.